किडनी बसवलेल्या माणसाच्या अंगावरचा चट्टा: झाकू नका, दाखवा

आजचा विषय आम्ही एका ताईंच्या सांगण्यावरून घेतला आहे. ताई आपल्याच एका बचत गटातल्या. नाव सांगणार नाही, पण गोष्ट सांगायला त्यांनीच परवानगी दिली आहे. "माझ्यावर जे आलं ते दुसरीवर येऊ नये," एवढंच त्या म्हणाल्या.

ताईंच्या मालकांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तालुक्याला डायलिसिस, बाकीचे दिवस अंथरुण. शेवटी ताईंनी स्वतःची एक किडनी दिली. ऑपरेशन नीट झालं, मालक पुन्हा शेतात जायला लागले. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांच्या जांघेत गजकर्ण उठलं. गजकर्ण कुणाला होत नाही? ताईंनी मेडिकलमधून एक ट्यूब आणली. लावली की खाज थांबायची, सोडली की दुपटीने उठायची. तीन महिन्यांत चट्टा कमरेपर्यंत चढला. मग दुकानदाराने बुरशीच्या गोळ्या दिल्या. आठ दिवसांत मालकांचे हात इतके थरथरायला लागले की चहाची बशी धरता येईना. शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं तर रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "नवीन कोणती गोळी घेतली?"

वेळेत गेले म्हणून किडनी वाचली. पण साध्या गजकर्णापायी, स्वतःच्या पोटातून काढून दिलेली किडनी जाण्याची वेळ आली होती. हे कसं झालं ते आज समजून घेऊ.

राखणदार आणि पाहुणा

आपल्या शरीरात राखणदार असतात. त्यांना प्रतिकारशक्ती म्हणतात. पिकात शिरलेलं जनावर राखणदार जसा हाकलतो, तसे हे राखणदार अंगात शिरलेल्या जंतूंना हाकलतात. अडचण अशी की त्यांना फक्त आपलं आणि परकं एवढंच कळतं. दुसऱ्याची किडनी जीव वाचवायला आलेली असते, पण राखणदारांच्या लेखी ती परकीच. ते तिच्यावरही तुटून पडतात.

ही गोष्ट डॉक्टरांना आधी कातडीवरूनच कळली. भाजलेल्या माणसाला दुसऱ्याची कातडी लावली तर थोड्याच दिवसांत ती गळून पडते, हे त्यांनी पाहिलं होतं. 1954 साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं, ते दोन जुळ्या भावांमध्ये. त्याआधी डॉक्टरांनी एका भावाच्या कातडीचा छोटा तुकडा दुसऱ्याला लावून पाहिला. तो टिकला. म्हणजे दोघांची शरीरं एकमेकांना परकी मानत नाहीत अशी खात्री पटली, आणि मगच किडनी बसवली.

आपल्याला जुळी बहीण कुठून आणायची? म्हणून राखणदारांना शांत ठेवणारी औषधं लागतात. त्यातलं टॅक्रोलिमस हे औषध जपानमधल्या त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून मिळालं, 1984 साली. मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन, सायक्लोस्पोरिन, अझाथायोप्रिन ही त्याच कामाची आणखी नावं. यातली दोन-तीन औषधं मिळून किडनी आहे तोवर रोज ठरल्या वेळी घ्यायची असतात.

या गोळ्यांमुळे किडनी टिकते. पण राखणदार पेंगुळले की चोरांचंही फावतं. कातडी हे शरीराचं कुंपण, त्यामुळे जंतूंची पहिली धाड बऱ्याचदा तिथेच दिसते. शिवाय गोळ्यांचे स्वतःचे परिणामही कातडीवर उमटतात. तेव्हा अंगावर काही दिसलं तर ते गोळीमुळे आहे, जंतूंमुळे आहे की आणखी कशामुळे, हे ओळखावं लागतं. ते काम डॉक्टरांचं. आपलं काम वेळेत पाहण्याचं आणि दाखवण्याचं.

गोळ्यांमुळे होणारे बदल

किडनी निकामी असताना माणसाची कातडी कोरडी, काळवंडलेली असते आणि रात्र रात्र खाज सुटते. नवी किडनी चालू लागली की हे बरंचसं कमी होतं. मग दुसरे बदल दिसतात.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे. त्याने चेहरा गोल होतो, तोंडावर, छातीवर, पाठीवर मुरुम येतात. कातडी पातळ होते, जरा धक्का लागला की काळंनिळं पडतं, पोटावर-मांड्यांवर बाळंतिणीसारखे वळ उठतात. जखम भरायला वेळ लागतो. डोस कमी होत गेला की यातलं बरंच उतरतं. सायक्लोस्पोरिनने अंगावर आणि चेहऱ्यावर लव वाढते, हिरड्या सुजतात. टॅक्रोलिमसने काहींचे केस गळतात.

हे बदल जिवावर बेतणारे नाहीत. पण बाईमाणसाला ते फार लागतात. कुणी म्हणतं, "अगं, किती सुजलीस!" कुणी म्हणतं, "मिशा काय आल्या!" आणि मग एखादी कुणाला न सांगता गोळ्या बंद करते. सख्यांनो, किडनी जाते ती इथे. लव काढता येते, मुरुमांवर औषध आहे, डॉक्टर गरजेप्रमाणे गोळी बदलूनही देतात. पण ते डॉक्टरांनी करायचं. आपण मनाने एक गोळीही कमी करायची नाही. आणि आपण बाकीच्यांनीही तिच्या चेहऱ्यावर बोलणं सोडायचं.

जंतू आणि बुरशी

आपल्याकडच्या दमट हवेत आणि शेतीच्या कामात सगळ्यात जास्त दिसते ती बुरशी. जांघेत, काखेत, कमरेला नाडीच्या जागी गजकर्ण. छाती-पाठीवर शिबं. पावसाळ्यात, भातलावणीत पायाच्या बोटांमध्ये चिखल्या. नखं जाड आणि पिवळी पडणं. हे आपल्यालाही होतं, पण किडनी बसवलेल्या माणसात ते भराभर पसरतं आणि लवकर हटत नाही.

त्यानंतर चामखीळ. एक-दोन असतील तर कुणी लक्ष देत नाही, पण या लोकांना त्या हातापायांवर झुबक्याने येतात. त्या ब्लेडने कापू नका, घोड्याच्या केसाने बांधू नका, चुना लावून जाळू नका. चामखीळ ज्या विषाणूंमुळे येते त्यांच्याच जातीतले काही विषाणू गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाला कारण होतात. म्हणून किडनी बसवलेल्या बाईने गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी डॉक्टर सांगतील तितक्या वेळा न चुकता करून घ्यावी. लाजू नये.

केसतूड, गळू, नखुरडं यांना इथे साधं समजायचं नाही. एखादी जागा लाल, गरम, सुजलेली झाली आणि अंगात ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. राखणदार पेंगुळलेले असल्यामुळे या लोकांना कधी कधी तापही फारसा येत नाही. म्हणून "ताप नाही ना, मग उद्या बघू," असं म्हणू नका.

शेतात काटा मोडणं तर रोजचंच. बाभळीचा काटा मोडला, काढला, विसरून गेलो. महिन्या-दोन महिन्यांनी त्या जागी न दुखणारी गाठ येते. मातीतली, लाकडावरची बुरशी काट्याबरोबर आत जाऊन अशी गाठ धरू शकते. गाठ दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. तसंच कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोगही असू शकतो. त्यावर सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो.

खरूज झाली तर घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं. एकालाच लावलं तर ती घरातल्या घरात फिरत राहते.

नागीण आणि कांजण्या

नागीण ही आपल्याकडे फार गैरसमजांची. अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे पाण्याचे फोड येतात, आग होते. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं म्हणतात. मग कुणी मंत्र टाकतं, कुणी गेरू लावतं. खरं तर लहानपणी होऊन गेलेल्या कांजण्यांचा विषाणू आपल्या नसांमध्ये झोपून राहतो. राखणदार कमजोर पडले की तो उठतो, आणि ज्या नसेत असतो तिच्या मार्गाने फोड येतात. म्हणूनच किडनी बसवलेल्या लोकांना नागीण जास्त होते.

तिच्यावर विषाणूची गोळी आहे. पहिल्या 72 तासांत सुरू केली तर चांगला गुण येतो. तीन दिवस उलटले असले तरी या लोकांनी डॉक्टरांकडे जायचंच, कारण त्यांच्यात फोड सगळ्या अंगभर पसरू शकतात, आत फुप्फुसापर्यंतही त्रास जाऊ शकतो. डोळ्याजवळ, नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर अजिबात थांबू नका. गोळीचा डोस किडनी किती चालते ते पाहून ठरतो, म्हणून दुसऱ्या कुणाची उरलेली गोळी देऊ नका.

घरात लेकराला कांजण्या आल्या तर किडनी बसवलेल्या माणसाला आधी दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या घरी हलवा आणि त्याच दिवशी त्याच्या डॉक्टरांना फोन करा. फोड उठायची वाट पाहायची नाही. देवी आल्या म्हणून कडुलिंबाचा पाला दारात लावा, त्याला आमची ना नाही. पण फोन आधी करा. कांजण्यांची लस जिवंत विषाणूची असल्याने प्रत्यारोपणानंतर ती देत नाहीत. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांनी कुठल्या लसी आधी घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारून ठेवावं.

न भरणारी जखम

ऑस्ट्रेलियासारख्या देशांतल्या गोऱ्या लोकांमध्ये किडनी बसवल्यानंतर कातडीचा कर्करोग खूप आढळतो. आपली कातडी सावळी, त्यामुळे उन्हापासून थोडं संरक्षण मिळतं आणि हा आजार आपल्याकडे कमी दिसतो. पण होतच नाही असं नाही. सावळ्या लोकांमध्ये तो कपड्याखाली झाकलेल्या जागीही येऊ शकतो, म्हणून तोंड-हात पाहून भागत नाही.

चार आठवड्यांत न भरलेली जखम, सारखी खपली धरून रक्त येणारी जागा, वाढत जाणारी कडक गाठ, रंग किंवा आकार बदलणारा तीळ, जांभळट-काळपट उठलेला डाग, ओठावरचा किंवा तोंडातला न जाणारा व्रण किंवा पांढरा चट्टा, यातलं काहीही दिसलं तर दाखवायचं. मिसरी, तंबाखू, गुटखा तर बंदच. तोंडाच्या कर्करोगाचा धोका या माणसांना आधीच जास्त असतो.

ट्यूब आणि गोळी: घोटाळा इथे होतो

आता ताईंच्या गोष्टीकडे परत येऊ. त्यांनी आणलेल्या ट्यूबमध्ये तीन औषधं एकत्र होती: बुरशीचं, जिवाणूंचं आणि जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइडने खाज लगेच थांबते, म्हणून वाटतं गुण आला. पण त्यानेच त्या जागेचे राखणदार आणखी झोपतात आणि बुरशी आतल्या आत पसरते. चट्ट्याची कड पुसट होते आणि मग डॉक्टरांनाही तो ओळखू येत नाही. अशा ट्यूब चिठ्ठीशिवाय आणायच्या नाहीत, हे आपल्या सगळ्यांनाच लागू आहे.

गोळीचं तर आणखी वेगळं. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन यांचा निचरा यकृत करतं. बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल या गोळ्या तो निचरा अडवतात. पाट तुंबला की पाणी वावरात साचतं, तसं औषध रक्तात साचतं. हात थरथरतात, आणि जे औषध किडनी राखायला दिलं तेच जास्त झाल्याने किडनीला इजा करतं. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन या जंतूंवरच्या गोळ्यांनीही असंच होतं. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनने उलट होतं: औषध रक्तात कमी पडतं आणि राखणदार किडनीवर उठतात. पपनस खाल्ल्यानेही औषधाची पातळी वाढू शकते, म्हणून ते खायचं नाही.

गरज पडली तर डॉक्टर ही औषधं देतात, पण मूळ गोळीचा डोस बदलून आणि रक्त तपासत. म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात, अगदी दातांच्या, तरी पहिलं वाक्य हे: "यांना किडनी बसवलेली आहे." आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी पुढे ठेवायची. अंगदुखीची डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशी गोळी मनाने घ्यायची नाही. ती किडनीलाच मारक ठरते.

घरी काय करायचं

रोज साध्या साबणाने आंघोळ, अंग कोरडं करून मगच कपडे. बोटांच्या बेचक्या, जांघ, काख पुसायला विसरू नका. टॉवेल, कंगवा, रेझर वेगळं. न्हाव्याकडे नवं ब्लेड. ओले कपडे अंगावर वाळवू नका. आतले कपडे आपण लाजेने साडीखाली, आडोशाला वाळत घालतो, ते दमट राहतात आणि बुरशीला घर मिळतं. ते सरळ उन्हात घाला. कातडी कोरडी पडली तर खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलीन चालतं.

शेतात लांब बाह्या, डोक्याला टोपी किंवा पदर, पायात बूट. शेण-माती, खत, कुंपणाचं काम करताना हातमोजे. वासराच्या अंगावर गोल चट्टे असतील तर त्याला हात लावायचं काम दुसऱ्या कुणाला द्या, ते गजकर्ण माणसालाही लागतं. जमेल तेवढं उन्हातलं काम सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर. उघड्या अंगाला लावायचं उन्हाचं मलम डॉक्टरांना विचारून घ्या. जखम झाली तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, वर हळद, तंबाखू, शेण काही भरू नका.

आणि एक नेम धरा. गटाचा हप्ता आपण महिन्याच्या ठरल्या तारखेला भरतो ना? त्याच दिवशी घरातल्या किडनी बसवलेल्या माणसाचं अंग उजेडात पाहायचं. डोक्याची कातडी, कानामागे, पाठ, काखा, जांघा, तळपाय, नखं, तोंडाच्या आत. पाठ स्वतःची स्वतःला दिसत नाही, ती घरच्यांनीच पाहावी लागते. काही दिसलं तर मोबाइलवर फोटो काढून तारीख लिहून ठेवा. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णालयात समन्वयक असतात. त्यांचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा, त्यांना कळवा आणि पुढे काय करायचं ते विचारा. काही दिसलं नाही तरी वर्षातून एकदा कातडीच्या डॉक्टरांना पूर्ण अंग दाखवा.

मैत्रिणींचे प्रश्न

एका मैत्रिणीने विचारलं: सुनेला किडनी बसवली आहे, अंगावर चट्टे आहेत. आमच्या लेकरांना होतील का?

किडनीचा आजार लागत नाही. गजकर्ण, खरूज मात्र कुणाचंही कुणालाही लागतं. टॉवेल, अंथरुण वेगळं ठेवा, सगळ्यांवर एकदम उपचार करा. पण तिचं ताट वेगळं करू नका. खरं पाहिलं तर तिला आपल्यापासून धोका जास्त आहे.

दुसरीने विचारलं: मुलीच्या चेहऱ्यावर गोळ्यांमुळे लव आली आहे. स्थळं बघायला सुरुवात केली आहे. थोडे दिवस गोळ्या थांबवल्या तर?

ताई, एक दिवसही नाही. किडनीवर हल्ला सुरू झाला तर पुष्कळदा दुखत नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. डॉक्टरांना लवेबद्दल सांगा, ते मार्ग काढतील. आणि मुलाकडच्यांपासून किडनीची गोष्ट लपवू नका. तिला सासरी रोज दोन वेळा उघडपणे गोळी घेता आली पाहिजे.

तिसरीने विचारलं: गुळवेलीचा काढा दिला तर रक्त शुद्ध होऊन चट्टे जातील का?

गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून आपण घेतो. इथे तर प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवली आहे. ती वाढवायला जाणं म्हणजे राखणदारांना किडनीवर सोडणं. असे काढे, चूर्णं, जडीबुटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात द्यायची नाहीत.

सख्यांनो, आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांमध्ये बायकाच जास्त आहेत. कुणी आई, कुणी बायको, कुणी बहीण. एवढं मोठं देणं दिल्यावर ते एका ट्यूबपायी वाया जाऊ द्यायचं नाही. ताईंचे मालक आता बरे आहेत. त्यांचं गजकर्ण जायला पुढे चार महिने लागले, पण गेलं. ताईंनी घरातल्या ट्यूबांचा डबा रिकामा केला आणि गोळ्यांची यादी दाराच्या मागे चिकटवली आहे. तुमच्या ओळखीत कुणाला किडनी बसवलेली असेल तर हा लेख त्यांना वाचून दाखवा. प्रश्न असतील ते गटाच्या बैठकीत लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या वेळी बोलूया किडनी दिलेल्या बाईने स्वतःची काळजी कशी घ्यायची त्याबद्दल. तोवर नमस्कार.